झिऱ्यावरची सात झाडं

झाड पडलं नाही.

पाचर आत गेली, बुंध्यातून कडकडाट आला, मी "सोड!" म्हणून ओरडलो. बिरजाने करवतीची तिकडची मूठ सोडली, मी इकडची सोडली, आणि दोघंही ठरल्या वाटेने वर धावलो. सगळं रोजच्यासारखं झालं. आता जमीन हादरायला हवी होती. ती हादरली नाही. वळून पाहिलं तर येनाचं झाड अर्ध्या वाटेत थांबलं होतं. बूड खुंटावर टेकलेलं, शेंडा खालच्या बिज्याच्या झाडाच्या बेचक्यात अडकलेला, आणि अख्खं धूड उतारावर तिरपं लटकत होतं. जुनी खाट कुरकुरते तसे त्याच्यातून आवाज येत होते.

"आता?" बिरजा म्हणाली.

मी वर पाहत होतो. माझ्या मनगटाएवढी माहुलीची वेल येनाच्या शेंड्यातून बिज्याच्या शेंड्यात गेली होती. तिनेच त्याला ओढून नेलं होतं.

वेल पावसाळ्यातच तोडून ठेवायची असते. मग तोडीच्या दिवसांपर्यंत ती वाळते आणि झाड पडताना तटकन तुटते. त्या भागातली वेलतोडणी माझ्याकडे होती. ही वेल मी तेव्हाच पाहिली होती. आमच्या टोल्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बाया तिची पानं पत्रावळीला न्यायच्या, म्हणून राहू दिली आणि विसरून गेलो. त्या सकाळी ती पुन्हा दिसली, तेव्हा बुडाशी दोन घाव घालून तोडली आणि झालं काम असं समजलो. हिरवी वेल खाली तोडली तरी वरची गाठ सोडत नाही. हे मला माहीत होतं. बिरजालाही माहीत होतं, पण मी वेल कधी तोडली ते तिला माहीत नव्हतं.

ओरडा ऐकून आजूबाजूच्या जोड्या जमल्या. चैतू हिडामी सगळ्यांत पुढे.

"का गा दुर्गू," तो म्हणाला, "झाडाले पाळण्यात टाकलं का? अंगाई म्हन आता."

लोक हसले. मीही हसलो. 

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची आहे. बिरजा गेली त्याला येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील. आमची तेव्हा मजूर सोसायटी होती. दरसाल जंगलाचा एक तुकडा तोडायला मिळायचा, त्याला कूप म्हणतात. हातोड्याचा छाप असलेली झाडं तोडायची, गेरूचा लाल पट्टा असलेली राखायची. झाड कापायला दोनहाती करवत, आणि करवतीला बहुतेक नवराबायकोच असायचे, कारण रोजी एकाच घरात यायची. मी आणि माझी बायको बिरजा अकरा वर्षं एका करवतीवर होतो.

येन ज्या बिज्यात अडकला, त्याला पट्टा होता. साधा पट्टा नव्हता तो. त्याच्या खाली झिरा होता, उन्हाळ्यात आमच्या टोल्यातली बावीस घरं तिथलंच पाणी प्यायची. झिऱ्याच्या वरच्या अंगाला सात मोठी झाडं होती, चार बिजे आणि तीन साग. सातही तोडीत धरली होती. दिवाळीनंतरच्या सभेत बिरजा उभी राहिली. बाई सभेत बोलते हेच लोकांना नवीन होतं.

"खालच्या टोल्यानं त्यांच्या झिऱ्यावरची झाडं तोडाले देली," ती म्हणाली. "दुसऱ्या सालीच झिरा आटला. आता त्या बाया आपल्याकडे पान्याचे गुंड घेऊन येतात. आपन कोनाकडे जायचं?"

सोसायटीचा अध्यक्ष रैजी हलामी. साठीचा, काटक माणूस, विडी विझली तरी ओठात ठेवायचा. तो म्हणाला, "बाई, त्या सात झाडांत कुपाचा चौथा हिस्सा माल आहे. तो सोडला तर सालाच्या शेवटी लोकांच्या हातात का येईल?"

"पानी येईल," बिरजा म्हणाली.

लोक चिडले, हसले, आणि शेवटी कबूल झाले. जंगलखात्याच्या गार्डाने सातही झाडांना पट्टे मारले. तेव्हापासून ती बिरजाची झाडं झाली. मजुरी कमी पडली की कोणीतरी म्हणायचंच, "जा, बिरजाच्या झाडाले माग."

आणि आता माझा येन नेमका त्यातल्याच एकात जाऊन बसला होता.

रैजी आला. येनाभोवती लांबून एक फेरी मारली. मालाची वाट त्या येनाच्या खालूनच जात होती. कापलेले सगळे लठ्ठे वर अडकून पडले होते, आणि लटकत्या झाडाखालून कोणी जायचं नाही हा आमचा पहिला नेम.

"मुदत किती दिवस राहिली?" त्याने मला विचारलं. त्याला ते ठाऊक होतं.

"पाच."

"पाच दिवसांत माल डेपोत नाई गेला तर पुढच्या साली आपल्याले कूप नाई. सव्वीस जोड्या घरी बसतील. तुह्या एका झाडापायी."

गार्ड सहारे मागे उभा होता. तो म्हणाला, "नियम सांगतो. बैलजोड्या आणायच्या, बुंध्याला दोर बांधायचा आणि लांबून मागे ओढायचं. जोड्या दुसऱ्या कुपात गेल्यात, सोमवारी येतील."

"सोमवारी मुदत संपते," रैजी म्हणाला.

सहारेने टोपी काढून डोकं पुसलं. "पट्ट्याच्या झाडाला हात लावता येत नाही. पण अडकलेल्या झाडाच्या वजनाने खालचं झाड मोडलं, तर मोडलं. मी तसं लिहीन. उद्या सकाळी मला डेपोत काम आहे. दुपारपर्यंत इकडे येणार नाही."

तो गेला. रैजीने माझ्याकडे पाहिलं.

"बिजा खाली आला की येनही येईल. वाट मोकळी होईल. आन बिज्याचा माल सहा येनांएवढा. सोसायटीचं भलंच." त्याने विडी पेटवली. "मी कोनाले सांगत नाई. ज्याने अडकवलं त्याने पाहावं."

जेवायला बसलो तेव्हा अजून उजेड होता. बिरजा माझ्यासमोर अंबिलीचा वाटा ठेवून म्हणाली, "रैजी का बोलला?"

मी सांगितलं.

"त्याले पट्टा आहे," ती म्हणाली.

"पट्टा गेरूचा आहे. धुतला की गेला."

"आन अडकल्या झाडाखाली उभं राहून कापायचं? तुमचा बाप असा करत होता का?"

"बापाच्या वेळेस मुदत नव्हती. सव्वीस जोड्या माह्याकडे पाहून राहिल्या, बिरजा. चैतूनं मले अंगाई म्हनाले लावली."

"तर म्हना. अंगाईनं कोनी मरत नाई."

"तू नको येऊ. मी कुऱ्हाडीनं करीन."

ती उठली. भांडी उचलली, दारातून पाणी फेकलं, परत आली.

"कुऱ्हाडीनं एकट्याले अर्धा दिवस लागते," ती म्हणाली. "अर्धा दिवस त्याच्याखाली उभं राहाल तुमी. करवतीनं दोघांले घंटाभर." मग म्हणाली, "येते मी. पन बिज्यासाठी नाई येत, हे ध्यानात ठेवा."

सकाळी आम्ही दोघंच गेलो. रैजीने बाकीच्यांना कुपाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं होतं. आमच्या चालण्याचा आवाजही मला मोठा वाटत होता. येन तसाच होता. वारा नव्हता, तरी त्याच्यातून मधूनच टक् असा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्.

आधी पळायच्या वाटा साफ केल्या. माझी डावीकडे वर, तिची उजवीकडे वर. दगड काढले, काट्या काढल्या. मी माझ्या वाटेवर दोनदा चालून पाहिलं. तिने एकदाच पाहिलं.

मग कुऱ्हाडीने बिज्याला खाच पाडायला घेतली. पहिला घाव घातला आणि वरून माती आणि वाळकी पानं माझ्या मानेवर पडली. मी उडी मारून मागे झालो.

"पानं आहेत," बिरजा म्हणाली.

"माहीत आहे मले."

प्रत्येक घावाला बिजा हादरायचा आणि त्याच्याबरोबर वरचा येन. बिज्याची साल फुटली की लाल चीक येतो. तो माझ्या हातावर, बाहीवर उडाला. माझं तोंड इतकं कोरडं झालं होतं की जीभ टाळूला चिकटत होती. थुंकायला गेलो तर थुंकी आली नाही.

खाच झाली. करवत लावली. बुंधा एवढा मोठा की मुठीवर बसल्यावर आम्हाला एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. ती ज्या बाजूला होती, तिथून वरचा येनही दिसत नव्हता. तिच्या आणि येनाच्या मध्ये बिज्याचा बुंधा होता. माझ्या बाजूने येन बुडापासून शेंड्यापर्यंत दिसत होता. अशा वेळी ज्याला दिसतं त्याने पाहायचं आणि हाक द्यायची, आणि हाक ऐकताच दुसऱ्याने मूठ सोडून पळायचं. आमच्याकडे मूल आधी हे शिकतं आणि मग करवत धरतं.

"तिकडून दिसते ना तुमाले?" ती पलीकडून म्हणाली.

"दिसते."

"नजर काढू नका."

"नाई काढत."

ओढ, दे. ओढ, दे. बिरजाच्या हाताला लय होती, ती मला अकरा वर्षांत कधी सांगावी लागली नव्हती. लाल भुसा माझ्या गुडघ्यांवर पडत होता. मी येनाच्या बुडाकडे पाहत होतो. ते खुंटावर टेकलं होतं, तिथे पांढरं लाकूड दिसत होतं. मी त्या पांढऱ्यावर डोळे लावून ओढत होतो. वितीएवढं कापून झालं. मग वितीहून जास्त.

मग ते पांढरं हललं.

आवाज आला नाही. बूड खुंटावर फिरलं, हळूच, झोपलेला माणूस कूस बदलतो तसं. आता एक शब्द बोलायचा होता. हजार वेळा बोललेला शब्द. माझं तोंड उघडलं होतं, ते मला आठवतं. त्यातून काही बाहेर आलं नाही. हात मात्र सुटले. मग पाय सुटले. माझ्या साफ केलेल्या वाटेवरून मी वर पळालो. एकदाही मागे पाहिलं नाही. मागे आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला, जमीन माझ्या तळव्यांखाली उसळली, आणि मी एका मोहाच्या झाडामागे जाऊन डोकं गुडघ्यांत घालून बसलो.

धुरळा आला. फांद्या मोडायच्या राहिल्या होत्या त्या मोडल्या. मग सगळं थांबलं. पाखरूही बोलत नव्हतं.

उठून जायला हवं होतं. मी उठलो नाही. मला वाटत होतं, इथे बसून राहिलो तोवर ती जिवंत आहे. खाली जाऊन पाहिलं तर नसेल. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही.

"अवो!"

तिची हाक होती.

"अवो! कुठी आहा? लागलं का तुमाले?"

मी उठलो. झिऱ्याच्या वर, मोडलेल्या फांद्यांच्या कडेला ती बसली होती. पदर फाटलेला, तोंडावर माती. डावा हात तिने उजव्या हाताने पोटाशी धरला होता. तो कोपराच्या वर जिथे वळायला नको तिथे वळला होता.

"लागलं नाई ना?" तिने पुन्हा विचारलं.

"नाई," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. माझ्या अंगावर ओरखडा नव्हता.

"करवत हलकी झाली," ती म्हणाली. "एकदम हलकी झाली हातात. म्हनून पळाली मी."

बस, एवढंच. मी तिच्या खांद्याला धरून उठवलं. तालुक्याला जाईपर्यंत जीपमध्ये ती त्यावर आणखी एक शब्दही बोलली नाही. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं, तर म्हणाली, "झाड पडलं."

बिजा बुडापासून मधोमध उभा फाटला होता. अर्धं कापलेलं आणि वरून येनाचं वजन, फाटणारच. त्याचा एक लठ्ठाही डेपोने घेतला नाही, जळाऊ म्हणून गेला. झिरा मातीने आणि फांद्यांनी बुजला. टोल्यातल्या बाया आठ दिवस हातांनी गाळ उपसत होत्या, आणि पाणी आलं ते गढूळ आलं. वाट मात्र मोकळी झाली आणि माल मुदतीत गेला. सहारेने कागदावर लिहिलं की बिजा वजनाने मोडला.

आठवड्याने सोसायटीच्या गोदामात सभा झाली. बिरजा पलास्टरमधला हात गळ्यात अडकवून आली. नको येऊ म्हटलं होतं मी.

रैजी उभा राहिला. "बिज्याचा माल गेला. ते नुकसान कुठून तरी भरून काढा लागते. झिऱ्यावर सहा झाडं राहिली. मी म्हनतो, सायबाले अर्ज देऊ. तिथं एक बाई मरता मरता वाचली. जागा धोक्याची आहे, झाडं काढून टाका, असं लिहू. धोक्याच्या झाडाचा पट्टा सायब काढून देतात."

"बरोबर आहे," दोन-चार जण म्हणाले.

"जागा धोक्याची नाई," बिरजा म्हणाली.

"नाई कशी?" रैजी म्हणाला. "दुर्गूसारखा गडी. अकरा साल झाले, त्याच्या करवतीवर कोनाचं बोट नाई गेलं. तिथंच हात मोडला तुहा. गड्याची चूक नाई तर मग जागेचीच."

चैतू मागून म्हणाला, "नाई तर बाई, चूक कोनाची ते तरी सांग. कोनाची तरी असनच."

गोदामात पन्नास माणसं होती. सगळी तिच्याकडे पाहत होती. ती माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही. मी ते पाहणं पुष्कळदा आठवून पाहिलं आहे, त्यात राग नव्हता. ती वाट पाहत होती. दाराशी उभं राहून, कोणी बाहेर येतं का म्हणून पाहतात तशी.

मी जमिनीकडे पाहिलं. तिथे एक मुंगी कुणाच्या तरी पायाजवळून पान ओढत नेत होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो. ती मुंगी भिंतीपर्यंत गेली.

"माही चूक आहे," बिरजा म्हणाली.

रैजीने विडी ओठातून काढली. "तुही कशी?"

"हाक आली होती. माहं ध्यान नव्हतं. मी मूठ सोडली नाई. जागेचा काही दोष नाई. हाक ऐकून पळाली असती तर काहीच झालं नसतं."

 मागे कुणीतरी चुकचुकलं.

"सोसायटीचा नेम माहीत आहे ना तुले?" रैजी म्हणाला. "हाकेले जो मूठ सोडत नाई, त्याच्या हाती पुन्हा करवत नाई. साली सोलायचं काम भेटन. अर्धी रोजी."

"माहीत आहे."

"हात बरा झाला तरी नाई."

"माहीत आहे म्हनते ना. मग अर्ज देऊ नका. सहा झाडं राहू द्या."

रैजी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. तो जुना माणूस होता, त्याच्या हाताखाली दोनशे जोड्या गेल्या होत्या. मग तो माझ्याकडे वळला.

"दुर्गू. हाक देली होती ना तू?"

माझं तोंड या वेळी आपोआप उघडलं, आणि आवाज चांगला मोठा आला.

"देली होती," मी म्हणालो. "दोनदा देली."

किती वेळा, असं मला कोणी विचारलं नव्हतं.